पाटी नसलेलं वाक्य

पोस्टर आलं तेव्हा प्रबुद्ध बहरीनमधल्या सनदच्या सिग्नलला लाल दिव्यात उभा होता. बाजूच्या सीटवर पडलेला फोन उजळला म्हणून त्याने सहज खाली पाहिलं, तर आबांचा फोटो. मागे निळं आकाश, आकाशात जुन्या काळचं दोन मजली पंखांचं विमान, आणि विमानाखाली अंगठ्याएवढे आबा. फोटो त्यानेच काढलेला होता, मागच्या महिन्यात आबा विमानतळातून बाहेर आले त्या दिवशी. शर्टाचं वरचं बटण लावलेलं, डोळे उन्हाने बारीक झालेले. खाली सोनेरी अक्षरांत मजकूर होता. मराठी मंडळाचा चित्रपट-मेळावा, शुक्रवारी दुपारी चार वाजता. शंभर वर्षांपूर्वीचा मूकपट, वैमानिकांच्या शौर्याची आणि प्रेमाची कहाणी. पडद्यावरच्या संवाद-पाट्यांचं मराठी वाचन : प्रबुद्ध. आणि त्याखाली चौकटीत, विशेष सत्कार : देशसेवेत श्रवणशक्ती गमावलेले माजी वायुसैनिक श्री. केशवराव. मागून कुणीतरी हॉर्न दाबून धरला. दिवा कधी हिरवा झाला ते त्याला कळलंच नव्हतं. त्याने गाडी पुढे काढली, पण कानशिलं तापली होती. आपण चोरून ठेवलेली वस्तू कुणीतरी भर बाजारात उंच धरून 'ही कुणाची?' म्हणून विचारतोय, असं काहीसं त्याला झालं. आणि चोरी तरी कशाची, तर बापाच्या कानांची.

खरं सांगायचं तर केशवराव, म्हणजे आबा, आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसले ते मागच्या महिन्यात, बहरीनला येताना, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी. पट्टा कसा सोडायचा ते कळेना म्हणून सगळे उतरून गेल्यावरही ते जागेवर बसून राहिले होते. ते परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. साचे म्हणजे माग. एकेका शेडमध्ये शेकडो माग एकदम धडधडायचे आणि त्या धडधडीत सोळा वर्षं उभं राहून त्यांचे कान गेले. पुढे संप झाला, गिरणी गेली आणि दादरच्या एका बिल्डिंगच्या फाटकावर त्यांनी बावीस वर्षं वॉचमनगिरी केली. ऐकू न येणारा वॉचमन स्वस्तात मिळतो. यात लपवण्यासारखं काय होतं? काहीच नव्हतं. हे प्रबुद्धला कळत होतं, आणि कळत असूनही चौदा वर्षं तो गप्प होता. न कळून गप्प बसणाऱ्याला निदान झोप तरी लागते.

खोटं तो बोलला नव्हता. हे त्याने स्वतःला इतक्या वेळा सांगितलं होतं की ते जवळजवळ खरं वाटायला लागलं होतं. चौदा वर्षांपूर्वी मुहर्रकच्या विमानतळावर, विमानदुरुस्तीच्या हँगरमध्ये तो नवा नवा लागला, तेव्हा दुपारच्या जेवणाला तौकीर नावाचा जुना मेकॅनिक समोर बसला होता. तिथली निम्मी माणसं फौजेतून आलेली, नाहीतर फौजवाल्यांची पोरं. तौकीर डाळीत रोटी बुडवत म्हणाला, "हाथ साफ है तेरा. वालिद एअरफोर्स में थे क्या?" प्रबुद्धच्या तोंडात घास होता. घास गिळून 'नाही' म्हणायला कितीसा वेळ लागतो? तेवढ्यात तौकीरने स्वतःच मान डोलावली. "मैं पहले दिन समझ गया था," तो म्हणाला, आणि बोलणं टायरांवर गेलं. एवढंच. नाही म्हणायचं राहून गेलं आणि ते राहिलेलं दिवसेंदिवस वाढत गेलं. मंडळातही ते आपल्या पायांनीच पोचलं. त्याच्या नावावरून मंडळातल्या लोकांनी जे ओळखायचं ते पहिल्याच भेटीत ओळखलं होतं. तोंडावर कुणी काही बोलत नसे, परदेशात सगळे एक असतात. फक्त 'गाव कुठलं, वडील काय करायचे' हे प्रश्न त्याला जरा हळू आवाजात यायचे. एअरफोर्सची बातमी पोचल्यावर ते प्रश्न थांबले. पुढच्या रांगेत खुर्ची मिळायला लागली. ते पांघरूण उबदार होतं, आणि त्याने ते अंगावरून काढलं नाही. मग मागच्या महिन्यात आबा आले, आणि मंडळाच्या सेक्रेटरीने, दत्तप्रसादने, सहज विचारलं, "कान कशान गेले रे त्यांचे?" प्रबुद्ध म्हणाला, "आवाजाने." दत्तप्रसाद हळहळला. "विमानांचो आवाज म्हणजे काय खेळ आसा?" यावेळी प्रबुद्धच्या तोंडात घासही नव्हता.

घरी पोचल्यावर त्याने बूटही काढले नाहीत. आबा हॉलमध्ये त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत, बाल्कनीकडे तोंड करून बसले होते. लांबून मुहर्रककडे उतरणारी विमानं ते तासन्‌तास बघत. प्रबुद्ध त्यांच्यासमोरून बाल्कनीत गेला आणि काचेचं दार ओढून घेतलं. दार का ओढलं? आबांना ऐकू येत नव्हतं, बायको, श्रावस्ती, अजून कामावरून यायची होती. पण चोराला दार लावल्याशिवाय बोलता येत नाही. त्याने दत्तप्रसादला फोन लावला. दत्तप्रसाद कुडाळचा माणूस, मालवाहू गाड्यांचा सुपरवायझर, फोन उचलतानाच हसणारा.

"कसा झालाहा पोस्टर? मीच केलंय मोबाइलार."

"दत्तप्रसाद, सत्कार कशाला? त्यांना नाही आवडत हे."

"मेल्या, तुझी आवड कोण विचारता? पिक्चर विमानाचो आणि विमानाचो माणूस आपल्यात बसलेलो. शाल, नारळ सगळा हाडून ठेवलंय. खलास."

"बरं, शाल दे. पण बोलायला लावू नकोस. त्यांना हल्ली काही कळत नाही. कोण काहीतरी विचारेल, ते काहीतरी सांगतील. एअरफोर्समध्ये होते, कान विमानांनी गेले, एवढं तूच सांग आणि खाली बसव."

"इंशाल्ला," दत्तप्रसाद म्हणाला, "तू कायएक काळजी करू नको."

फोन ठेवताना प्रबुद्धच्या लक्षात आलं की हे वाक्य चौदा वर्षांत पहिल्यांदा आपल्या तोंडून अख्खंच्या अख्खं बाहेर पडलं. आतापर्यंत ते दुसऱ्यांनी म्हटलं होतं आणि त्याने मान हलवली होती. तो वळला. काचेपलीकडे, चार पावलांवर, आबा त्याच्याकडे बघत होते. डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे. उतरतं ऊन बरोबर प्रबुद्धच्या चेहऱ्यावर पडलं होतं. दार लावताना तो फक्त आवाजाचा विचार करत होता. इतर घरांतली माणसं करतात तसा. आबांच्या घरात वाढलेल्या माणसाने काचेमागे उभं राहून गुपित बोलावं! आबांनी किंचित भुवया वर केल्या आणि आवाज न काढता, नुसत्या ओठांनी विचारलं, "चहा टाकू?"

साचेखात्यात कुणाला कुणाचं ऐकू जात नसे. पहिल्या सहा महिन्यांत माणूस ओठ वाचायला शिकायचा, नाहीतर मुका व्हायचा. सहा-सहा मागांच्या पलीकडून ही माणसं एकमेकांशी बोलत, भांडत, मुकादमाच्या तोंडावर त्याची नक्कल करत, आणि मुकादमाला पत्ता नसे. आबांना ही भाषा गणपतने शिकवली. गणपत त्यांच्या शेजारच्या साच्यावर होता, चिपळूणकडचा. ही गोष्ट आबांनी प्रबुद्धला लहानपणी इतक्यांदा सांगितली होती की शेडमधला तो दमट वास त्याच्या स्वतःच्या आठवणीत होता. आबांच्या वडिलांनाही गिरणीत नोकरी होती, पण साचेखात्याचा उंबरा त्यांना ओलांडू दिला नव्हता. धोटा म्हणजे मागातून सूत इकडून तिकडे नेणारी लाकडी होडी; त्यात नवी कांडी घातली की सूत तोंडाने ओढून बाहेर काढायचं असे, ओठ लावून, आणि तोच धोटा हातोहात सगळ्यांकडे फिरायचा. मग यांच्या जातीच्या ओठांचा धोटा दुसरा कसा तोंडाला लावणार? असे ते ओठ. आबांना त्या शेडमध्ये शिरायला मिळालं तरी पहिले कित्येक दिवस त्यांचा धोटा कुणी उचलत नव्हतं. एके दिवशी गणपतने उचलला, सूत ओढलं, आणि मागांच्या पलीकडून ओठांनी म्हणाला, "तुझं सूत बी खारटच लागतं रे." दोघं हसले, आणि त्या हसण्याचा आवाज दोघांनाही आला नाही. पुढे आबा एवढे तयार झाले की सगळे दोन साचे बघत, तेव्हा ते चार बघायचे. प्रबुद्ध चालायला लागायच्या आधी गिरणी गेली, पण भाषा घरात राहिली. चाळीच्या तिसऱ्या मजल्यावरून तो खाली नळावरच्या आबांचे ओठ वाचायचा. टॉवेल टाक. साबण नको. आई कुठाय. चाळीतली बाकीची पोरं घसा फोडून ओरडायची; त्याला आणि त्याच्या बापाला ओरडावं लागत नसे. तेव्हा त्याला याचा अभिमान वाटायचा.

आणि आता चार पावलांवरून, स्वच्छ उन्हात, बापाने वाचलं नसेल असं तो स्वतःला सांगत होता. काचेवर चकाकी असेल. त्यांची नजर अधू झाली आहे. वाचलं असतं तर बोलले असते. पण आबा बोललेच नाहीत, आणि यात नवल काही नव्हतं, कारण आबांचं बोलणं बंद करणारा तोच होता. पंचवीस वर्षांपूर्वी सांताक्रूझच्या एका ऑफिसात त्याची अप्रेंटिसशिपची मुलाखत होती. आबा बरोबर आले होते, इस्त्रीच्या शर्टात. बाकावर तीस-चाळीस पोरं, कुणाचे वडील टाय लावलेले. तेव्हा आबा घशाने बोलत असत, पण स्वतःच्या आवाजाचा अंदाज त्यांना राहिला नव्हता. तो शेडमधला, मागांवर मात करायला वाढलेला आवाज. ते क्लार्कच्या टेबलाजवळ गेले आणि म्हणाले, "माझ्या पोराचा नंबर कधी लागनार?" अख्खं ऑफिस वळलं. कुणीतरी फिस्सकन हसलं. प्रबुद्धने बसल्या जागेवरून, बापाच्याच भाषेत, नुसत्या ओठांनी म्हटलं, "गप बसा. आवाज काढू नका." आबांनी वाचलं. मान हलवली, परत येऊन बसले. त्या दिवसापासून घराबाहेर ते फार तर कुजबुजत, घशाचा आवाज त्यांनी काढला नाही. घरातही कमी कमी होत गेला. आई गेली तेव्हा स्मशानातसुद्धा ते ओठांनीच रडले. ही गोष्ट प्रबुद्धने कुणाला सांगितली नव्हती, श्रावस्तीलाही नाही. ती आठवली की तो रेडिओ मोठा करायचा.

श्रावस्तीने पोस्टर बघितलंच होतं. सलमानिया हॉस्पिटलमध्ये, तिच्या लॅबमध्येसुद्धा कुणीतरी दाखवलं होतं. त्यांच्या घरात गुपित बोलायचं तर आबांकडे पाठ करून बोलावं लागे. ती सिंकसमोर उभी राहून भांडी विसळत होती आणि तो तिच्याशेजारी, टाइल्सकडे तोंड करून.

"अहो, मग सांगून टाका ना. दत्तप्रसाद भाऊजी काय खाणारेत का तुम्हाला?"

"आता? पोस्टर तीनशे जणांना गेलंय."

"तीनशे जणांना खोटं गेलंय म्हणून खरं थांबवायचं?" तिने नळ बंद केला, मग विचार करून पुन्हा चालू केला. "मला बघायला आला होतात तेव्हा आबांनी पहिलं वाक्य काय टाकलं, आठवतंय? हळूच बोलले, कुजबुजल्यासारखं. मी केशव, असं नाही म्हणाले. म्हणाले, मी चार साचे चालवलेत. नावाच्या आधी."

"मला माहीत आहे."

"माहीत आहे तर मग." ती म्हणाली, आणि मग, टाइल्सशीच, "माझ्या आईवडलांसमोर तुम्हाला त्यांची लाज वाटत होती का हो तेव्हा?"

त्याने एक ताट पुसायला उचललं. वाटत होती. घासलेल्या ताटात त्याचं तोंड वेडंवाकडं दिसत होतं. हॉलमध्ये आबा आवाज बंद केलेल्या टीव्हीसमोर बसून बातम्या देणाऱ्या बाईचे ओठ वाचत होते, आणि मध्येच तिचं काहीतरी न पटल्यासारखी मान हलवत होते. त्या आठवड्यात तो चार वेळा त्यांच्यासमोर जाऊन बसला. एकदा पाणी दिलं. एकदा बीपीची गोळी दिली. तोंड उघडायचं आणि ओठांवर वाक्य आलं की दुसऱ्याच वाक्यात बदलायचं. जेवलात का, एसी कमी करू का. आबा सगळं वाचत आणि उत्तर देत. ज्या माणसाशी खोटं बोलताना आवाजाची मदत घेता येत नाही, त्याच्यासमोर बसणं फार कठीण.

सिनेमा त्याने त्याच दिवसांत दोनदा बघितला, पाट्यांचं मराठी करायला. शंभर वर्षं झालेला, कुणाचा हक्क न उरलेला, म्हणून मंडळाला फुकट. महायुद्ध, फ्रान्समधलं एक गाव, उघड्या विमानांतून उडणारे दोन दोस्त, एक उंच आणि एक गालाला खळी पडणारा, आणि जखमींची गाडी चालवणारी एक मुलगी. दोघांचंही तिच्यावर प्रेम, आणि तिचं खळीवाल्यावर. सोपी गोष्ट होती. अठ्ठ्याऐंशी पाट्या त्याने वहीत उतरवल्या. मंडळातली निम्मी माणसं विमानतळावर सामान चढवणारी, गाड्या चालवणारी; इंग्रजी पाटी वाचून होईपर्यंत ती निघून जाते. म्हणून अंधारात मागे बसून त्याने माइकवर वाचायचं ठरलं होतं. त्याचा आवाज चांगला आहे, असं सगळे म्हणत.

शुक्रवारी हॉल भरला. सलमानियाच्या मागच्या रस्त्यावरचा भाड्याचा हॉल, पांढरा पडदा, वड्यांचा वास, एसीचा घर्र आवाज. हँगरमधून तौकीर आला होता, खास इस्त्री करून. आबा पहिल्या रांगेत मधोमध, शेजारी श्रावस्ती. प्रबुद्ध सगळ्यांत मागे, लॅपटॉपच्या टेबलापाशी, वहीवर छोटा दिवा. दिवे गेले आणि पडद्यावर एक मैदान आलं, गवत वाऱ्याने झुकलेलं, पण वाऱ्याचा आवाज नाही. सुरुवातीला लोक चुळबुळले, आवाजच नाही म्हणून कुणी इथल्या अरबीत म्हणालं, "साउंड मफी!" आणि हशा झाला. दहा मिनिटांत हशा थांबला. माणसं पुढे वाकली. पडद्यावरचे ओठ हलायचे आणि दोनशे डोळे त्या ओठांना चिकटायचे, काय म्हणतोय, काय म्हणतोय, मग पाटी यायची, मग प्रबुद्धचा आवाज. आणि पहिल्या रांगेतून, पाटी यायच्या आधीच, एक डोकं हसून मागे व्हायचं. आबांना इंग्रजीचा गंध नव्हता, पण चेहरा काय म्हणतोय ते त्यांना पाटीच्या आधी कळत होतं. एका हसण्याच्या जागी ते मान वळवून सबंध हॉलकडे बघत राहिले. पडद्याच्या उजेडात प्रबुद्धला त्यांचा चेहरा दिसला. तो आनंद त्याने वर्षानुवर्षं बघितला नव्हता. आज इथे एवढी माणसं होती, आणि कुणालाच काही ऐकू येत नव्हतं.

शेवटाकडे एक प्रसंग होता. ढगांत लढाई, खळीवाल्याच्या विमानाला आग. उंच दोस्त आपलं विमान त्याच्या अगदी जवळ आणतो, पंखाला पंख. दोघांमध्ये इंजिनांचा आवाज असणार, नाहीतरी मूकपटात काय. खळीवाला चष्मा वर करतो आणि काहीतरी बोलतो. ओठ स्पष्ट हलतात, सहा-सात शब्द. आणि पाटी येत नाही. विमान खाली जातं. प्रबुद्धने घरी तो तुकडा मागेपुढे करून बघितला होता, पाटी हरवली असेल म्हणून. हरवली नव्हती. तिथे ती नव्हतीच. पुढच्या प्रसंगात ती मुलगी उंच दोस्ताचे दोन्ही हात धरून विचारते, "तो काय म्हणाला?" आणि तो म्हणतो, "त्याने तुझं नाव घेतलं." प्रबुद्धने हे वाक्य मंगळवारी वहीत उतरवलं होतं, चहा पीत. आता पाटी पडद्यावरून गेल्यावर माइकवर त्याचा आवाज आला. एक-दोघांनी मागे वळून बघितलं.

चहाला आबा त्याच्याजवळ आले, हातात वडा. ओठांनीच म्हणाले, "त्यो उंच, पोरीशी खोटं बोलला."

"तुम्हाला कसं कळलं? पाटीवर तर तसं नव्हतं."

"बोलताना खाली बघत हुता." आबांनी वड्याचा तुकडा मोडला. "मानूस वाईट नव्हता. घाबरला हुता."

आताच, प्रबुद्धला वाटलं. आता सांगायचं. दोन वाक्यं पुरेत, माफीही नको मागायला. त्याने कप खाली ठेवला, ओठ उघडले, आणि तेवढ्यात तौकीर गर्दीतून समोर आला. टाचा जुळवून, छाती काढून, त्याने आबांना कडक सलाम ठोकला. "अंकल, आपके बारे में चौदह साल से सुन रहा हूँ." आबांनी त्याच्या ओठांकडे बघितलं. मग प्रबुद्धकडे बघितलं, एक क्षणभर, जास्त नाही. मग हातातला वडा त्याच्या हातात दिला, शर्टाला बोटं पुसली, ताठ उभे राहिले आणि सलाम केला. नेमका, कोपर खांद्याच्या रेषेत, बोटं सरळ. तौकीरचे डोळे भरले. "देखा?" तो प्रबुद्धला म्हणाला, "फौजी का हाथ है. बुढ़ापे में भी नहीं भूलता." तो हात बावीस वर्षं दादरच्या फाटकावर गाड्या आत सोडताना पक्का झालेला होता. प्रबुद्ध हातात बापाचा उष्टा वडा धरून उभा राहिला. काचेमागचं त्यांनी वाचलं होतं. सगळं वाचलं होतं. आणि ते त्याला सांभाळून घेत होते. ही अशी लाज त्याला माहीत नव्हती. आतापर्यंत त्याला बापाची लाज वाटत आली होती, ती कितीतरी सोपी होती.

पुढचं भराभर झालं. दत्तप्रसादने माइक घेतला, देशासाठी कान देणाऱ्या माणसाला आपण काय देणार, असं म्हणाला, आणि मनापासून म्हणाला. आबांना स्टेजवर नेलं, शाल घातली, हातात नारळ दिला, फोटो निघाले. मागे टेबलापाशी, दुसरा माइक हातात तसाच धरून, प्रबुद्ध त्यांना खाली आणलं जायची वाट बघत होता. पण दत्तप्रसादचं मन भरलं नव्हतं. भरल्या मनाचा माणूस दिलेला शब्द विसरतोच. त्याने माइक आबांच्या तोंडापुढे धरला आणि खुणेने म्हणाला, दोन शब्द. हॉल शांत झाला. आबांनी उलट्या हाताने माइक हळूच बाजूला केला. सगळ्या रांगांवरून, सगळ्या डोक्यांवरून, त्यांनी मागे प्रबुद्धकडे पाहिलं. आणि त्यांचे ओठ हलले.

"घाबरू नको, पबू. मी काय सांगत नाय कुनाला."

लोकांना दिसलं ते एवढंच की म्हाताऱ्याचे ओठ थरथरले. एका बाईने पदर डोळ्यांना लावला. टाळ्या सुरू झाल्या. "काय म्हणतत रे?" दत्तप्रसाद माइकवरून म्हणाला. "तुका कळता मां त्यांचा? वाच मरे, पिक्चरात वाचलंस तसा!" आणि माणसं वळली, सगळी, खुर्च्या करकरल्या, शंभर चेहरे प्रबुद्धच्या तोंडाकडे. माइक चालूच होता. पाटी त्याच्या हातात होती, तीवर काय लिहायचं ते त्याने ठरवायचं होतं. सगळ्यांचे आभार, असं म्हणता आलं असतं. जय हिंद म्हटलं असतं तर हॉल उभा राहिला असता. वाक्य तयारही झालं, ओठांपर्यंत आलं. पण स्टेजवर शालीत उभे असलेले आबा त्याच्या ओठांकडे बघत होते. ते वाचतील, हे त्याला ठाऊक होतं. वाचतील आणि मान हलवतील, सांताक्रूझला हलवली होती तशी, बरोबर आहे पोरा, म्हणून. ती मान हललेली त्याला बघवणार नव्हती. श्रावस्ती वळली नव्हती, तिची पाठ दिसत होती. त्याने माइक तोंडाशी नेला आणि संध्याकाळभर वाचत आला होता तसंच, सपाट, वाचलं.

"ते म्हणतायत, घाबरू नको, पबू. मी काही सांगत नाही कुणाला."

कुणीतरी हसलं आणि एकटं पडलं. एसीची घरघर ऐकू यायला लागली. दत्तप्रसादच्या चेहऱ्यावरचं हसू अजून तसंच होतं, त्याला काढायचं सुचलं नव्हतं. "काय सांगूचा नाय?" त्याने विचारलं.

"ते एअरफोर्समध्ये नव्हते," प्रबुद्ध म्हणाला. आवाज त्याचाच होता, पण लांबून आल्यासारखा. "कधीच नव्हते. तुमचा तसा समज झाला आणि मी तो होऊ दिला. मग वाढवला. त्यांना काही कळत नाही असं मी सांगितलं, तेही खोटं. माझे वडील गिरणीत होते. साचेखात्यात, विणकर. कान मागांच्या आवाजाने गेले. नंतर ते वॉचमन होते." तौकीरने मान खाली घातली आणि तो रिकाम्या कपात बघत राहिला. ते प्रबुद्धने बघितलं, आणि उद्या हँगरमध्ये याच्यासमोर जेवायला बसायचं आहे हेही त्याला त्याच क्षणी दिसलं. अजून काहीतरी सांगायला हवं होतं, ऑफिसातलं ते, गप बसा म्हटलेलं ते. "माझे वडील तिथे साचे चालवायचे—" तो म्हणाला, आणि माइक तोंडापासून खाली आला.

स्टेजवर आबांनी नारळ काखेत मारला. शाल एका खांद्यावरून घसरली, ती त्यांनी घसरू दिली. उजवा हात वर केला, अंगठा मुडपून, चार बोटं ताठ. आणि मग त्यांनी तोंड उघडलं, आणि पंचवीस वर्षं बंद असलेला तो आवाज बाहेर आला, अंदाज नसलेला, सपाट, शेडमधला, मागांवर मात करायला वाढलेला.

"चार!" ते म्हणाले. "चार साचे!"

शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांना ऐकू गेलं.